वॉर्साच्या पियानो स्पर्धेत गुण कसे देतात? (आमच्या खंजिरी भजन स्पर्धेसाठी विचारतोय)

पेटीमास्तर (आर्वी तालुका)

नमस्कार मंडळी. मला पियानो येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गावच्या भजन मंडळात मी पेटी वाजवतो. आजूबाजूच्या गावांत खंजिरी भजन स्पर्धा असली की परीक्षक म्हणून बोलावणं येतं. परीक्षक म्हणजे शाल, श्रीफळ, सरपंचाकडे जेवण आणि निकाल लागल्यावर मागच्या दारानं निघणं.

तर झालं असं की पुण्याच्या भाच्यानं २०२५ च्या ऑक्टोबरात यूट्यूबची एक लिंक पाठवली. पोलंडमध्ये वॉर्सा इथं शोपँ या पोलिश संगीतकाराच्या नावानं आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा भरते. १९२७ पासून चालू आहे, पाच वर्षांतून एकदा असते, यंदाची एकोणिसावी. सगळ्यांनी फक्त शोपँचंच वाजवायचं, दुसऱ्या कुणाचं नाही. हे मला लगेच पटलं, कारण आमच्या स्पर्धेतही भजनं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचीच घ्यायची असतात.

कपाशीत रानडुकरं शिरत होती, त्यामुळे मी तसाही जागलीला. मचाणावर कानात इअरफोन घालून बसायचो. अंतिम फेरी १८ ते २० ऑक्टोबर, आपल्याकडे रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू व्हायची. ऐन दिवाळी. घरची म्हणे, "सणाच्या दिवशीबी वावरातच काहून?" मी म्हटलं, डुकराच्या पंचांगात दिवाळी नाही.

शेवटच्या फेरीत ११ जण होते. प्रत्येकानं एक 'पोलोनेझ-फँटसी' वाजवायची (ही यंदा सगळ्यांना सक्तीची होती) आणि मग ऑर्केस्ट्राबरोबर शोपँच्या दोन कॉन्चेर्तोंपैकी एक. एकच चीज ११ वेळा ऐकली म्हणजे कान तयार होतो हो. पहिल्या रात्री मला काही कळलं नव्हतं. तिसऱ्या रात्री मी आधीच म्हणायला लागलो की आता इथं हा घाई करणार.

निकाल मध्यरात्र उलटून गेल्यावर लागला. पहिला अमेरिकेचा एरिक लू, दुसरा कॅनडाचा केविन चेन, तिसरी चीनची झिथोंग वांग. भाच्यानं सांगितलं की हाच एरिक लू २०१५ मध्ये याच स्पर्धेत चौथा आला होता, तेव्हा १७ वर्षांचा होता. मधे २०१८ मध्ये इंग्लंडची लीड्सची स्पर्धा जिंकला. आणि आता पुन्हा इथं येऊन बसला. चौथा आलेला माणूस १० वर्षांनी त्याच खुर्चीवर येतो, याचंच मला आधी नवल. आमच्याकडे एकदा चौथं आलेलं मंडळ त्या गावचं पाणी पीत नाही.

आता माझी अडचण. केविन चेन २० वर्षांचा पोरगा, हात असा साफ की एक सूर इकडचा तिकडे नाही. एरिक लू सावकाश, दबक्या आवाजात वाजवणारा. काही ठिकाणी तर पुढचा सूर येतो की नाही असं वाटावं इतकं थांबायचा. मला लू आवडला, पण मला गुण द्यायला बसवलं असतं तर मी कुठल्या रकान्यात काय लिहिलं असतं? चुकला नाही म्हणून चेनला द्यायचे, की थांबला म्हणून लूला? तिथल्या कॉमेंटमध्ये तर शंकरपटात बैलांची जोडी कुणाची पुढे गेली यावरून होत नाहीत एवढी भांडणं चालली होती.

विचारण्याचं कारण असं. मागच्या हंगामात एका गावात आम्ही तिघं परीक्षक होतो. एका पोडावरच्या (कोलामांच्या वस्तीवरच्या) मंडळात एक म्हातारबा खंजिरीवर. पांढरं धोतर, बंडी, पायात काही नाही. भजन रंगात आलं आणि तिसऱ्या कडव्यानंतर त्यानं खंजिरी थांबवली. टाळकरी थांबले, पेटीवाल्यानं भाता धरून ठेवला. मंडपात फक्त जनरेटरचा आवाज. दोन मात्रा गेल्या, तिसरी गेली, आणि बुढ्यानं अंगठा असा घासून आणला चामड्यावरून की घुमत घुमत बरोब्बर समेवर पडला. माझ्या अंगावर काटा आला. मी तालाच्या रकान्यात २५ पैकी २३ लिहिले. शेजारच्या गुरुजींनी १२ दिले, शेरा लिहिला 'ताल सुटला'. तिसऱ्यानं दोघांच्या कागदाकडं पाहून १७. मंडळ पाचवं आलं. गणवेश एकसारखा असलेलं मंडळ पहिलं आलं.

यंदा आमच्या गावची पाळी आहे, संक्रांतीनंतर. समितीनं मला सांगितलं, मास्तर, नवीन गुणपत्रक तुम्हीच करा. सध्याचं असं आहे: सूर २५, ताल २५, शब्दोच्चार २०, चाल व सादरीकरण २०, गणवेश व शिस्त १०. वॉर्सावाले कसं करतात हे कुणाला नीट माहीत असेल तर सांगावं. कॉपी करायची लाज नाही.

---

धंतोलीकर

पेटीमास्तर दादा, तुमच्या म्हाताऱ्याला मी पण २३ दिले असते.

मी नागपूरला लहानपणी पियानो शिकले, लंडनच्या बोर्डाच्या ग्रेडच्या परीक्षा दिल्या, आता मुलांना शिकवते. शोपँ स्पर्धा २०१५ पासून दर वेळी बघतेय. (२०२० ची कोविडमुळे २०२१ मध्ये झाली.) जेवढं माहीत आहे तेवढं सांगते.

तिथं रकानेच नाहीत. सूर वेगळा, ताल वेगळा, असं काही नाही. प्रत्येक परीक्षक एका वादनाला १ ते २५ मधला एकच आकडा देतो, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत सोबत 'पुढे जावा' किंवा 'जाऊ नये' असंही लिहितो. यंदा १७ परीक्षक होते, अध्यक्ष गॅरिक ओल्सन, जे स्वतः १९७० चे विजेते. मग सरासरी काढतात. एखाद्याचा आकडा सरासरीपासून फार लांब गेला असेल तर तो ठरलेल्या मर्यादेपर्यंत आत ओढून घेतात, म्हणजे एकट्यानं कुणाला वर चढवता किंवा बुडवता येऊ नये. यंदापासून शेवटच्या निकालात आधीच्या फेऱ्यांचे गुणही धरायला लागले, पहिल्या फेरीचं वजन कमी, शेवटच्यांचं जास्त. त्यामुळे तुम्ही ज्या तीन रात्री ऐकल्यात तेवढ्यावरच निकाल लागलेला नाही. आधी ८० च्या वर लोक होते, मग ४०, मग २०, मग तुमचे ११. एत्यूद, प्रेल्यूद, सोनाटा, माझुर्का असे रचनांचे सगळे प्रकार झाल्यावर ती अंतिम फेरी येते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचे व्हिडिओ अजून आहेत, सवडीनं बघा.

आता तुमच्या 'ताल सुटला' वाल्या गुरुजींबद्दल. दादा, हे भांडण खुद्द शोपँच्या घरात झालेलं आहे. माझुर्का म्हणजे वॉर्साच्या आसपासच्या खेड्यांतला तीन मात्रांचा नाच. शोपँनं त्यावरून पन्नासेक छोट्या रचना केल्या. तो स्वतः त्या वाजवायचा तेव्हा एक मात्रा इतकी लांबवायचा की चार्ल्स हाले नावाच्या पियानोवादकानं त्याला तोंडावर सांगितलं, ही तीनची नाही, चारची वाटते. शोपँनं आधी मानलं नाही. मग हालेनं त्याच्याकडून पुन्हा वाजवून घेतलं आणि शेजारी बसून मोठ्यानं चार मोजून दाखवले. तेव्हा शोपँ हसला आणि म्हणाला, आमच्याकडच्या नाचाचा तो स्वभावच आहे. मायरबेर नावाचा मोठा ऑपेरा-संगीतकार हेच बोलला तेव्हा मात्र शोपँ चिडून लाल झाला होता. म्हणजे ज्यानं लिहिलं त्याच्याच तालावर लोकांनी शेरा मारून ठेवलाय!

आणि हाच शोपँ शिष्यांना सांगायचा की डाव्या हातानं लय सोडायची नाही, उजव्यानं हवं तसं मोकळं फिरावं. तुमचे टाळकरी आणि पेटीवाला थांबले, पण मात्रा मनात चालू होती ना? मग ताल सुटला कुठे?

गणवेशाचे १० गुण आजच्या आज काढा.

---

बांधावरून

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८, बाजारात विचारतात चार हजारच्या आसपास, अन् इथं पोलंडच्या पियानोची चर्चा. चालू द्या.

---

पेटीमास्तर (आर्वी तालुका)

बांधावरून भाऊ, माझंही सोयाबीन घरातच पडून आहे, भाव येईल तेव्हा येईल. ऐकायला मोजमाप लागत नाही, ओलावा किती टक्के हेही कुणी पाहत नाही. जागलीला या एकदा, इअरफोनचा एक कान तुम्हाला देतो.

धंतोलीकर ताई, हालेची गोष्ट गुरुजींना वाचून दाखवणार आहे. ते म्हणतील, पोलंडात चालत असेल.

पण एक गोष्ट मनात अडकली. तुम्ही म्हणता, फार लांबचा आकडा आत ओढतात. मी काल रात्री कागद घेऊन बसलो. आमचे तीन आकडे २३, १२, १७. सरासरी साधारण १७.३. समजा दोन गुणांची मर्यादा ठेवली, तर माझे २३ होतात १९.३ आणि गुरुजींचे १२ होतात १५.३. पुन्हा सरासरी काढली तर १७.२. म्हणजे आमचा बुढा वॉर्सात गेला असता तरी पाचवाच आला असता, फक्त हिशेब नीट झाला असता!

म्हणजे ही पद्धत लबाडी रोखते, हे कबूल. पण जो माणूस एकाला देव वाटतो आणि दुसऱ्याला बिघडलेला, त्याचं हिच्यात काहीच होत नाही. सगळ्यांना २० चा वाटणारा माणूस त्याच्या पुढे जाणार. मग लू जिंकला तो सगळ्यांना बरा वाटला म्हणून, की कुणाला लई आवडला म्हणून? हे मला खरंच कळून घ्यायचं आहे, टोमणा नाही.

---

धंतोलीकर

टोमणा असला तरी चालेल, कारण यावर वॉर्सात १९८० मध्ये मोठा राडा झालाय.

त्या वर्षी युगोस्लाव्हियाहून इव्हो पोगोरेलिच नावाचा तरुण आला होता. शोपँनं हळू लिहिलंय तिथं जोरात, पळवायचं तिथं रेंगाळत, कपडेही कुणासारखे नाहीत. काही परीक्षकांनी अगदी वरचे गुण दिले, काहींनी अगदी तळाचे. लुई केन्टनर नावाचे ज्येष्ठ परीक्षक तो दुसऱ्या फेरीत गेला म्हणून राजीनामा देऊन निघून गेले. आणि तो अंतिम फेरीत पोचला नाही म्हणून मार्था आर्गेरिच राजीनामा देऊन गेल्या! आर्गेरिच म्हणजे १९६५ च्या विजेत्या, आज जगातल्या सगळ्यात मोठ्या पियानोवादकांतल्या एक. त्यांनी जाताना जाहीर सांगितलं की हा मुलगा अलौकिक आहे. एकच माणूस, एकाच स्पर्धेत, दोन्ही बाजूंनी राजीनामे. पोगोरेलिच न जिंकता जगभर गाजला.

लूच्या बाबतीत मला वाटतं दोन्ही झालं. त्याचं वाजवणं कुणाला चिडवणारं नाही, आणि ज्यांना आवडतं त्यांना फार आवडतं. कॉन्चेर्तोसुद्धा त्यानं एफ मायनर या पट्टीतला घेतला. बहुतेक जण ई मायनरचा घेतात, कारण तो लांब आहे, भारदस्त आहे, टाळ्या जास्त. एफ मायनरची मधली संथ चाल मात्र अशी आहे की तिथं माणूस लपू शकत नाही. पियानो एकटाच गातोय आणि मागे व्हायोलिन नुसती हवेसारखी. तुम्ही म्हणालात ना, पुढचा सूर येतो की नाही असं वाटलं? ते तिथलंच असणार.

---

झाडीचा ऑर्गनवाला (वडसा)

राम राम जी मास्तर. नाटक कंपनीत ऑर्गनवर बसतो. भाऊबीजेपासून सीझन चालू झाला, रात्रभर प्रयोग आणि दिवसा झोप, म्हणून उत्तर उशिरा.

ताईंनी १९८० चं सांगितलं, पण त्या वर्षी पहिला कोण आला हे सांगायचं राहिलं. नेहमी असंच होते जी. राजीनाम्याची गोष्ट सगळ्यांना पाठ, जिंकणाऱ्याचं नाव विचारा तर गप्प.

पहिला आला व्हिएतनामचा डांग थाय सॉन, वय २२. शोपँ स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई माणूस. मी त्याच्याबद्दल जेवढं सापडलं तेवढं वाचून काढलं, कारण ती गोष्ट मला आमच्याकडची वाटते. जन्म हनोईचा, १९५८. आई पियानो शिकवायची. अमेरिकेच्या बॉम्बफेकीत हनोईतली संगीतशाळा उठवून खेड्यात नेली, पियानो म्हशींच्या गाड्यांवर घालून. धानाची बांधी, चिखल आणि गाडीवर पियानो. तिथं पोरांना पाळीपाळीनं थोडा थोडा वेळ बसायला मिळायचं. हाताला सवय राहावी म्हणून कागदावर पट्ट्या काढून त्यावर बोटं चालवायची. मग मॉस्कोला शिकायला गेला आणि तिथून वॉर्सा. अंतिम फेरीत ऑर्केस्ट्राबरोबर बसला ते आयुष्यात पहिल्यांदाच.

माझा पायपेटीचा जुना ऑर्गन आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खाली धानाची तणीस टाकून नेतो. उतरवल्यावर पहिलं काम काय, तर मागची फळी काढून टॉर्च मारायचा. उंदरांनी भात्याचं चामडं कुरतडलंय का, धूळ जाऊन कुठली पत्ती मुकी झाली का. एक पत्ती मुकी असली तर ती रात्र त्या सुराला वळसा घालून काढायची, आणि हिरोला सांगायचं, आज अर्धा सूर वरून म्हण. वॉर्सात म्हणे उमेदवाराला चार-पाच कंपन्यांचे नवेकोरे पियानो मांडून ठेवतात आणि १५ मिनिटांत निवड म्हणतात. मला १५ मिनिटं दिली तर मी आनंदानं रडत बसेन, निवडणार काय.

आता खरी गंमत ऐका. तोच डांग थाय सॉन पुढे मोठा शिक्षक झाला. २०२१ ला कॅनडाचा ब्रूस ल्यू जिंकला, तो याचा शिष्य. यंदाचा एरिक लू, तोही याच्याकडे शिकलेला. (एक ल्यू, एक लू, आडनावं वेगळी.) आणि दोन्ही वेळा हा स्वतः परीक्षकांत बसलेला! पण नियम असा की आपल्या शिष्याला गुण द्यायचे नाहीत, तो रकाना मोकळा सोडायचा. बाकीच्यांनी दिले त्यावर पोरं जिंकली.

मास्तर, तुमच्या गुणपत्रकात हा नियम घाला. सूर-तालाचं नंतर बघू.

---

पेटीमास्तर (आर्वी तालुका)

ऑर्गनवाले भाऊ, म्हशीच्या गाडीवरचा पियानो डोळ्यापुढून जात नाही. आमच्याकडे पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेत होतो, आणि त्याचंच लोकांना कौतुक.

शिष्याचा नियम चांगला आहे, पण इथं लावायचा कसा? शिष्य सोडा, इथं सगळा तालुकाच सोयरा. माझा मेहुणा एका मंडळात टाळ वाजवतो, साडू दुसऱ्यात. गुरुजींचे तर अर्धे गायक वर्गातले विद्यार्थी. नियम कडक लावला तर परीक्षकाच्या खुर्चीवर माइकवालाच बसवावा लागेल. त्याला सुराचं आमच्यापेक्षा जास्त कळतं ते सोडा.

आणखी एक. भाच्यानं सांगितलं की १९९० आणि १९९५ मध्ये वॉर्सात पहिला क्रमांक कुणालाच दिला नाही, त्या लायकीचं कुणी वाटलं नाही म्हणून. सलग दोन वेळा! मी हे समितीत सहज बोललो तर खजिनदार उभेच राहिले. म्हणाले, मास्तर, पहिलं बक्षीस पाटलांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलंय, ढाल छापून आली, आता देत नाही म्हणून सांगायला तुम्ही जाता का?

---

धंतोलीकर

ढाल द्या, दादा. पाटलांशी वैर नको.

सोयऱ्यांचं म्हणाल तर सख्खं नातं आणि स्वतः शिकवलेले, एवढ्यांपुरताच नियम ठेवा. परीक्षक तीनऐवजी पाच करा. रकाना मोकळा सुटला तरी उरलेल्यांची सरासरी निघते, काही अडत नाही. एक आहे, बेरीज करू नका, सरासरीच काढा. बेरीज केली तर ज्याचा रकाना मोकळा सुटला तो मंडळवाला फुकट मार खाईल.

तुमच्या म्हाताऱ्यासाठी मात्र गुणपत्रकात काही करता येईल असं मला वाटत नाही. वॉर्सातही आलं नाही. पण त्यांनी दुसरं एक केलंय. मुख्य क्रमांकांच्या बाहेर वेगळी बक्षिसं असतात आणि ती देणारे वेगळे असतात. माझुर्का सगळ्यात छान वाजवणाऱ्याला पोलिश रेडिओचं बक्षीस, तेही पार १९२७ पासून. पोलोनेझचं वेगळं, कॉन्चेर्तोचं वेगळं, सोनाटाचं बक्षीस क्रिस्तियान झिमरमान देतात, १९७५ चे विजेते. १९५५ मध्ये चीनचा फू त्सोंग एकूण तिसरा आला, पण माझुर्काचं बक्षीस त्यानं नेलं. पोलंडच्या खेड्यातला नाच, आणि पोलिश रेडिओ म्हणतोय की यंदा तो चीनच्या मुलाला सगळ्यात चांगला जमला.

तुमच्याकडे खंजिरीचं वेगळं बक्षीस का नाही? एकाच माणसानं द्यायचं. सरासरी नाही, आकडा नाही.

---

पेटीमास्तर (आर्वी तालुका)

ताई, हे बसलं. काल समितीत मांडलं.

गणवेशाचे १० गुण गेले, पण भांडून गेले. बचत गटाच्या मंडळानं साड्या आधीच आणून ठेवल्या होत्या, त्यांच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, आता ह्या साड्या काय वावरात नेसायच्या? शेवटी 'शिस्त ५' ठेवावे लागले. परीक्षक पाच झाले. नात्याचा नियम तोंडी मान्य झाला, कागदावर घ्यायला कुणी तयार नाही. सूर, ताल, शब्दोच्चार हे रकाने राहिले, कारण हरलेली मंडळं कागद बघायला मागतात आणि एकच आकडा दाखवला तर म्हणतील मनाला येईल ते टाकलं. वॉर्सात हरलेला पोरगा विमानानं घरी जातो. आमच्याकडचा दुसऱ्या दिवशी रेशनच्या रांगेत माझ्या मागे उभा असतो.

खंजिरीचं बक्षीस ठरलं. रोख ५०१ रुपये आणि नवीन खंजिरी. द्यायचं एकाच माणसानं, आणि का दिलं हे माइकवर उभं राहून दोन वाक्यांत सांगायचं. गुरुजी म्हणाले, असं एकट्याच्या मनावर सोडणं बरोबर नाही. मी म्हटलं, म्हणूनच माइक दिला आहे. मग तो एकटा कोण यावर अर्धा तास गेला. मी नको, कारण म्हाताऱ्याला २३ दिले हे सगळ्यांना माहीत आहे. गुरुजी नकोत, कारण १२ दिले. बाहेरचा, लांबचा, ज्याचा या तालुक्यात कुणी सोयरा नाही असा माणूस पाहिजे असं ठरलं.

ऑर्गनवाले भाऊ, तुमचा आर्वी तालुक्यात कुणी सोयरा आहे का?

---

झाडीचा ऑर्गनवाला (वडसा)

सोयरा नाही जी, पण वेळही नाही. संक्रांतीनंतर आमच्याकडे मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाचे प्रयोग लागलेले आहेत, एक रात्र रिकामी नाही. मी उठलो तर ऑर्गनवर बसायला कुणी नाही.

स्पर्धा एप्रिलात, ग्रामजयंतीला (तुकडोजी महाराजांच्या जयंतीला) घेता येते का बघा. तेव्हा सीझन संपलेला असतो. जाण्यायेण्याचं भाडं द्या, जेवण सरपंचाकडे चालेल. आणि मागचं दार कुठे आहे ते आल्याबरोबर दाखवून ठेवा.

---

बांधावरून

मास्तर, स्पर्धा कुठल्या गावात आहे ते टाका. आमच्या इथलं मंडळ विचारून राहिलं.